कोणाचा माणूस

देवपूरचे हितेंद्र आणि हसनैन भरतीसाठी एकाच मैदानावर पळायचे. हितेंद्र लष्करात लागला. हसनैनची छाती एक सेंटीमीटर कमी भरली, म्हणून तो एका खासगी कंपनीमार्फत परदेशी लष्कराच्या छावणीवर बंदूक घेऊन पहाऱ्याला गेला.

तिथे हल्ला झाला आणि हसनैनला पकडून नेलं. त्याची बायको रूही दोन वर्षं चकरा मारत राहिली. ते लष्कर म्हणालं, तो आमचा सैनिक नव्हे. कंपनी म्हणाली, त्याचा करार संपला. इथले सरकारी साहेब समजुतीने म्हणाले, "ताई, युद्धकैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय कायदा आहे. पण तुमचे मिस्टर नक्की कोणाचे, हेच ठरत नाही."

गेल्या आठवड्यात हितेंद्र सीमेवर मारला गेला. त्याला तिरंग्यात आणलं तेव्हा अख्खं देवपूर लोटलं. सगळं आटोपल्यावर त्याची बायको भाविका रूहीच्या गळ्यात पडली. "तुझा माणूस कुठंतरी जिवंत असेल गं. मला तुझा हेवा वाटतो."

 

रूहीने मान खाली घातली. भाविकाचा माणूस घरी तरी आला, म्हणून सकाळपासून ती तिच्यावर जळत होती.