पांढऱ्या मोज्यांची तपासणी

तपासनिसांनी पांढरे मोजे पोटऱ्यांपर्यंत ओढले, लेंग्याचे पाय त्यात खोचले आणि ते स्वयंपाकघरात शिरले. विजेच्या कंपनीतून निवृत्त होऊन त्यांना सहा महिने झाले होते, पण गल्ली त्यांना अजून तपासनीसच म्हणायची. उभी हयात लोकांच्या घरची मीटरं बघण्यात गेली. सील तोडलंय का, तार फिरवलीय का, हे शोधता शोधता नजरच अशी झाली होती, की सख्ख्या मुलीने दिलेला चहाही ते आधी निरखून घेत.

"हळू चाला, बाबा," अंगणातून मुलगी म्हणाली. "मोज्यांवर काळं दिसलं की मोजायचं. जिथे पिसवा जास्त चढतील, तिथे त्यांचं घर."

ही युक्ती तिला जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने फुकट सांगितली होती. मानेवर सोडायचं औषध दोन मांजरांसाठी घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून पंधरा दिवस तिने हाताने जमेल ते सगळं केलं. भुरीला आणि तिच्या पोरीला, चिंगीला, बारीक दातांच्या फणीने विंचरलं, दर वेळी फणी साबणाच्या पाण्यात बुडवली, चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, कोपरे झाडझाडून झाडले. मांजरं स्वच्छ झाली. पिसवा काही हटेनात. मुलगी नर्स. तिच्या हातांवरचे लाल चट्टे बघून मोठ्या सिस्टरनी बजावलं होतं, हे घेऊन वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. म्हणून आज दोन्ही मांजरं जाणार होती. गोदामाच्या पहारेकऱ्याला उंदरांसाठी ती हवीच होती, आणि तो अकराला येणार होता. मुलगी झाकणाची वेताची टोपली घेऊन पायरीवर बसली होती. सकाळपासून तिचे डोळे कोरडे झाले नव्हते.

तपासनिसांचा संशय पक्का होता. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंचा तो केसाळ कुत्रा! येता-जाता नेमका खालच्या बोळात उभा राहून अंग झटकतो. आज पुराव्यानिशी पकडायचा, मग बघू बाई कशा तोंड वर करून बोलतात.

स्वयंपाकघरात दोन निघाल्या. बाहेरच्या खोलीत तीन, मुलीच्या खोलीत एक. मग ते जिन्याखालच्या बोळात गेले आणि चांगले पाय आपटत चालले. मोजे पांढरेशुभ्र. ते उलटे फिरले, आणखी जोरात आपटत आले. एकही नाही.

"पुसून घेतलंय!" ते ओरडले. "बाईंनी फिनेल मारून पुरावा नाहीसा केलाय."

"बोळ रोज मीच पुसते, बाबा," मुलगी म्हणाली. "तुमची खोली राहिली."

"माझ्या खोलीत मांजराचं काय काम? दार लावलेलं असतं."

"मग बघायला काय हरकत आहे?"

हे वाक्य त्यांचं होतं. किती दारांत उभं राहून त्यांनी ते लोकांना ऐकवलं होतं. आज ते आपल्यालाच ऐकावं लागावं, याचा त्यांना भयंकर राग आला आणि ते तरातरा आत गेले.

वस्तू हलतात म्हणून त्यांची खोली कोणी झाडायची नाही, असा दंडक होता. पंधरा दिवसांत त्यांनी अंथरुणाला कोणाला हात लावू दिला नव्हता. खिडकी मात्र वाऱ्यासाठी सताड उघडी. पलंगाशी पोचून त्यांनी खाली पाहिलं, तर मोजे घोट्यापर्यंत तीळ लावल्यासारखे काळे झाले होते. मोजायचा प्रश्नच नव्हता.

दुपारी जेवून पडलं की पायांशी काहीतरी उबदार येऊन टेकायचं, हे त्यांना ठाऊक होतं. कधी एका पायाशी, कधी दोन्ही पायांशी. निवृत्तीनंतरच्या त्या लांबच लांब दुपारी त्यामुळेच सरायच्या. पण ते काय आहे, हे जन्मात कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसाने एकदाही डोळे उघडून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर हाकलावं लागलं असतं. घरात मांजरं नकोत, असं सगळ्यांत मोठ्याने तेच म्हणत आले होते ना!

त्यांनी घाईघाईने मोजे काढले आणि गोळा करून उशीखाली सारले.

"काय निघालं, बाबा?"

"काही नाही!"

फाटक करकरलं. पहारेकऱ्याचा आवाज आला. मग टोपलीची कडी लागली आणि आतून भुरी ओरडली. तपासनीस पलंगावर तसेच बसून राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली, चांगली कान तापेपर्यंत. त्यांनी उशीखालचे मोजे काढले, पुन्हा पायांत चढवले, अंथरुणाची वळकटी काखेत मारली आणि अंगणात येऊन उभे राहिले.

पहारेकरी दोन पावलं मागे सरकला. मुलगी मोज्यांकडे बघतच राहिली.

"पाणी तापत ठेव," ते म्हणाले. "आणि यांना सांग, मांजरं द्यायची नाहीत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझे डोळे मिटलेले असायचे."

असली उत्तरं त्यांनी नोकरीत ढिगाने ऐकली होती आणि एकही मान्य केलं नव्हतं. ते मान खाली घालून उभे राहिले.

मुलीने कडी काढली. भुरी बाहेर आली, तिच्यामागून चिंगी. दोघींनी अंग झटकलं आणि कोणाकडेही न बघता त्या सरळ तपासनिसांच्या खोलीत निघून गेल्या.