रुसलेली लिफ्ट

रुग्णालयाला नव्या लिफ्ट हव्या होत्या, म्हणून व्यवस्थापक आम्हा स्पर्धकांना जुन्या लिफ्टमधून वर नेत होते. एक मी, दुसरा चिनी सरकारी कंपनीचा प्रतिनिधी. काम हुकलं तर आमच्या कारखान्याला कुलूप. "निम्म्या किमतीत देतो. आमच्यामागे अख्खं सरकार उभं आहे," तो म्हणाला, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. तीही आमच्याच कंपनीची! मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याला फोन लावला. खाली गाडीत बसलेला तो लिफ्टची किल्ली घेऊन धावत आला. दार उघडून आत स्टूल सोडत म्हणाला, "बाबांनी बसवलेली म्हातारी आहे, कधीतरी रुसते." स्टुलावर चढताना व्यवस्थापकांनी प्रतिनिधीला विचारलं, "तुमची अडकली तर कोण येईल?" "आधी वरून परवानगी येईल," तो हसला. काम आम्हाला मिळालं. निघताना तो नवऱ्याला हळूच म्हणाला, "शेजारच्या इमारतीत आमची अडकलीय हो, परवापासून."