मधलं मुसळ

होडीत सुंदराबाईनं लेकीच्या छातीला कान लावला. खोल पाण्यात टिकावं म्हणून शिंपल्यांच्या कंपनीनं बसवलेली ऑक्टोपसची तीन हृदयं तिथं तीन मुसळांसारखी कांडत होती.

“पोहलीस की मधलं थांबतं ना गं?”

“म्हणून तर तळाशी रांगत शिंपले वेचते, आई. मला का शर्यत लावायचीय?” हसत शेवंता पाण्यात उतरली.

दुपारी तिचं डोकं वर आलं, तोच एक ट्रॉलर तिच्या रोखानं आला. बुडी मारली असती तरी ती वाचली असती. पण चालण्याआधी तिला पोहणं शिकवणारी आई सवयीनं ओरडली, “पोह गं बाय, पोह!”

आईचा शब्द न मोडता लेक सपासप हात मारत होडीला लागली नि निपचित झाली.

सुंदराबाईनं पुन्हा कान लावला. कडेची दोन मुसळं कांडत होती. मधल्याची वाट बघत तिनं कान उचललाच नाही.