गोदामायचे दोन घास

केक फुगलाच नाही.

हिरामणने ओव्हनचं दार उघडलं. साच्यात केक नव्हता, थापलेली भाकर होती. बुधवारा पेठेत उभं आयुष्य बेकरीत घालवलेल्या माणसाच्या हातून असं व्हावं? भाड्याने आणलेल्या त्या परक्या ओव्हनला त्याने मनातल्या मनात शिव्या हासडल्या. मग चोरून शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. उखर्डूचाही केक पार बसला होता.

तो बसणारच होता. ती व्यवस्था हिरामणनेच केली होती.

उखर्डूची बेकरी हिरामणच्या अगदी समोर. एकाने खारीचा भाव उतरवला की दुसरा टोस्टावर नानकटाई फुकट द्यायचा. दोघांच्या भांडणात गिऱ्हाईक तेवढं खूश. पण आता हिरामणच्या गळ्याशी आलं होतं. केळी मेळाव्यातल्या बिनअंड्याच्या केळी-केकच्या या स्पर्धेत जो जिंकेल, त्याला कागद कारखान्याच्या कँटीनची वर्षभराची ऑर्डर मिळणार होती. ती उखर्डूला गेली, तर हिरामणला शटर ओढून घरी बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

स्पर्धेचं सामान आदल्या संध्याकाळीच मांडवात जमा करायचं होतं, ज्याच्या त्याच्या नावाच्या डब्यात. हिरामणची लेक ज्योती मोबाइलवर एक जपानी कार्टून पाहून खिदळायची. त्यात दोन बेकरीवाले एकमेकांच्या जिवावर उठायचे आणि एकाने दुसऱ्याचं पीठच बदललं होतं. विनाशकाले विपरीत बुद्धी! हिरामणने उखर्डूच्या डब्यातला मैदा शेवटच्या कणापर्यंत काढून घेतला आणि त्यात कच्च्या केळ्यांचं पीठ भरलं. दिसायला तसंच, पण उपासाच्या थालीपिठाचं. फुगणं त्याच्या सात पिढ्यांत नाही.

सकाळपासून हिरामणचे डोळे उखर्डूच्याच पातेल्यावर होते. स्वतःच्या पातेल्यात आपला हात काय ढवळतोय, हे बघायची शुद्ध कुणाला होती! उखर्डूही अधूनमधून त्याच्याकडे बघून गालात हसत होता. हस लेका, हस, असं हिरामण मनात म्हणत होता.

परीक्षक होती गोदामाय. तिच्या जिभेवर अख्ख्या बुधवाऱ्याचा भरवसा. हे दोघे तर लहानपणी तिच्याच ओट्यावर, एकाच ताटात जेवून मोठे झालेले. सकाळीच ती इच्छापुरहून, लेकीकडून निघून थेट मांडवात आली होती. चव नीट कळावी म्हणून नुसत्या चहावर होती.

तिने आधी हिरामणच्या केकचा घास घेतला, मग उखर्डूच्या. सावकाश चावला. "दोघाइचे सारखेच लागून ऱ्हायले रे," ती म्हणाली. हिरामणला हा अपमान वाटला.

सूत्रसंचालन करणाऱ्या रश्मीने माइक पुढे केला. "तो माय, बताओ ना, कोण जिंकलं?"

तेवढ्यात राजघाटाकडच्या देवळाचा भोंगा बोलू लागला. आज एकादशीनिमित्त संध्याकाळी भजन आहे, सर्वांनी यावं.

गोदामायच्या हातातला चमचा गळून पडला.

"एकादस? आज?"

तिचा एकुलता एक मुलगा निरंजन लहानपणी तापीच्या पुरात वाहून जाता जाता वाचला होता. तेव्हापासून तिने एकही एकादशी मोडली नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. प्रवासाच्या गडबडीत या खेपेला तिथीच हुकली. आणि तो निरंजन या घडीला केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर होता.

"मी मैदा खाल्ला रे देवा!" ती मटकन खाली बसली. "माह्या लेकराले काही झालं म्हणजे?" कुणी पाणी पुढे केलं, तर तेही घेईना. दोन्ही हातांनी ती कपाळ बडवत होती.

ऑर्डर, शटर, ज्योतीचं लग्न, सगळं हिरामणच्या डोळ्यांपुढून गेलं. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं. पण ज्या हातांनी त्याला जेवू घातलं होतं, त्या हातांनी तिचं ते कपाळ बडवणं त्याला बघवेना.

"रडू नको, माय," तो कसाबसा म्हणाला. "उखर्डूच्या केकात मैदा नाही. काल मीच त्याच्या डब्यातला मैदा काढून केळीचं पीठ भरलं. उपासाचंच हाये ते."

रश्मीच्या हातातला माइक चालू होता. सगळ्या मेळाव्याने ऐकलं आणि तोंडात बोटं घातली. पहिल्या रांगेत ज्योतीने ओढणीत तोंड लपवलं. गोदामायने डोळे पुसले आणि पुन्हा कपाळावर हात मारून घेतला.

"अरे मुडद्या, पण पहिला घास तं तुह्याच केकचा खाल्ला ना मी!"

खरंच की. हिरामणच्या केकात तर मैदाच होता. इज्जत गेली, ऑर्डर गेली, आणि म्हातारीची एकादशी मोडली ती मोडलीच.

आता उखर्डू याच्या नरड्याला हात घालणार, असं सगळ्यांना वाटलं. उखर्डू पुढे आला खरा. पण हिरामणकडे त्याने बघितलंच नाही. तो गोदामायच्या पायाशी उकिडवा बसला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"तुही एकादस शाबूत हाये, माय," तो मान खाली घालून म्हणाला. "याच्या डब्यातबी केळीचंच पीठ होतं. याचा मैदा माह्या घरी ठेवेल हाये."