अंशाचं चिन्ह

"बाबा, ते अंशाचं चिन्ह कसं टाइप करायचं हो?" औषधांची लेबलं तयार करणाऱ्या लेकीने ऑफिसातून फोन लावला. छापखान्यातून निवृत्त झालेल्या बाबांना असल्या खुणांचे आकडे तोंडपाठ होते.

"पुन्हा विसरलीस? डोकं आहे की खोकं? ऑल्टचं बटण दाबून धर, उजवीकडच्या आकड्यांत शून्य, एक, सात, सहा दाब, मग ऑल्ट सोड. उमटला गोल?"

"उमटला!"

"आता तरी ध्यानात ठेव, बाई. परवा ह्याच्यापायी मला अर्ध्या दाढीवरून उठवलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

सगळं आवरल्यावर ती पुन्हा कामावर निघाली, तेव्हा दाराशी आलेल्या आईला राहवलं नाही. "आता ते चिन्ह तुला कोण सांगणार गं?"

"मला येतं ते, आई. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हापासून पाठ आहे."

"अगं, मग सारखी फोन करून त्यांची बोलणी कशाला खायचीस?"

लेक खाली वाकून चपलेचा पट्टा लावत राहिली.

"रोज बोलावंसं वाटायचं गं त्यांच्याशी. दुसरा विषयच सुचायचा नाही."