कौंचाची वडी

समजुबेननी स्टीलचा डबा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि झाकणही स्वतःच उघडलं. तुपाचा वास खोलीभर पसरला.

"आधी तोंड गोड करा साहेब, मग तपासा."

डॉक्टर धोळकियांनी वडीचा तुकडा तोंडात टाकला. समोरच्या खुर्चीत परसोत्तमभाई बसले होते. नवरात्रीत या शिंप्याला दोघांनी धरून आत आणावं लागलं होतं. कंपवातानं हात असे थरथरत की पेला ओठाशी पोचेपर्यंत अर्धं पाणी सदऱ्यावर. आज ते आपल्या पायांनी जिना चढून आले होते.

"सुईत दोरा ओवतात आता!" समजुबेन म्हणाल्या. "परवा शेजारणीच्या ब्लाउजला हूक लावून दिले. तुमच्या गोळीचं नाव मोठं, पण थोडं माझ्या पाकाचंही करा."

"छान झालाय. काय काय घातलंत?"

"थंडीचं सगळं. उडीद, डिंक, सुंठ, आणि कौंच."

कौंच म्हणजे खाजकुइलीचं बी. जामनगरात थंडी पडली की ते दुधात उकडून, सोलून, दळून घरोघरी पाकात, म्हणजे या पौष्टिक वड्यांत, पडतंच. त्यात नवल काही नाही.

"दरवर्षी मूठभर घालते. यंदा जडीबुटीवाला म्हणाला, हाताच्या थरथरीवर याच्यासारखं दुसरं औषध नाही. मग चौपट घातलं."

डॉक्टर चावायचे थांबले. "गोळ्या चालू ठेवून?"

"हो तर! तुमची गोळी कशी सोडीन? तिन्ही वेळेला गोळी, आणि वर एक वडी."

एकाला दुसऱ्याची मदत, इतका साधा विचार त्यामागे होता. डॉक्टरांनी डब्यावर झाकण लावलं.

"बेन, माझ्या गोळीत जे औषध आहे, तेच त्या बीमध्ये असतं. गोळीत ते मोजून घातलेलं आहे. तुमच्या वडीत किती आहे, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही." मग ते परसोत्तमभाईंकडे वळले. "कपाळाला काय लागलं?"

"ओट्यावरून पडले," समजुबेनच बोलल्या. "बरं वाटायला लागलं तसं धावायला गेले. या वयात!"

"तुम्ही सांगा भाई. का धावलात?"

परसोत्तमभाई लाजल्यासारखे हसले. "हर्षिदा रस्त्यावर चालली होती. समोरून ट्रक येत होता. म्हटलं, धरावं तिला."

हर्षिदा त्यांची मुलगी. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"रोज येते?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"संध्याकाळी. ओट्यावर माझ्याजवळ बसते. बोलत नाही, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहते. मी वेडा नाही साहेब. ती नाहीये, हे मला ठाऊक आहे. पण येते, त्याला काय करू?"

समजुबेन नवऱ्याकडे बघतच राहिल्या. दुखण्यानं परसोत्तमभाईंचा चेहरा लाकडासारखा झाला होता; दोन वर्षं त्यावर हसू फिरकलं नव्हतं. गेला महिनाभर मात्र ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तोंड भरून हसत. आपण खिडकीत दिसतो म्हणून हसतात, असं वाटून आत भाकरी थापणारी ही बाई सुखावत होती.

"मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तू पाक बंद केला असतास."

"बंद करावाच लागेल," डॉक्टर म्हणाले. "हे औषध जास्त झालं की नसलेलं दिसायला लागतं. पाक थांबला नाही, तर एक दिवस खरंच ट्रकखाली जाल. फक्त एकदम तोडू नका, अंग आखडेल. रोज थोडा थोडा कमी करा, आठवड्याभरात संपवा. गोळी आहे तेवढीच. मनानं कमीजास्त करायचं नाही."

"म्हणजे ती रोज थोडी थोडी जाणार," परसोत्तमभाई म्हणाले. "मागच्या वेळी एकदम गेली होती."

ते उठले. कुणाचाही हात न धरता दारापर्यंत गेले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

समजुबेननी डबा पिशवीत घातला. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"साहेब, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"वडी मीही खाते. महिनाभर, रोज, त्यांच्या बरोबरीनं." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मग मला का नाही दिसली ती?"