बाकी सगळं माझंच

"गोव्याच्या हॉटेलात तीन रात्री." प्रतिभा मॅडमनी क्रेडिट कार्डाच्या बिलावर बोट ठेवलं. "अठरा हजार सातशे चाळीस. हे तुमचं नाही?"

"मॅडम, मी आजून समुद्र बघितल्याला न्हाई," इब्राहिमभाई म्हणाले. "त्या तारखांना मी दौंडला व्हतो. सबाकडं, लेकीकडं."

"मीच भाकरी बांधून दिल्या," शेजारच्या खुर्चीतून सरदारबीनं साक्ष दिली. "ह्यांना बेकरीचा पाव सोसत न्हाई. ह्ये गोव्याला जाऊन खात्याल काय?"

बँकेच्या शिरूर शाखेत या साक्षीसाठी रकाना नव्हता. पण मॅडम भल्या होत्या. तक्रारीची मुदत आजच संपत होती, म्हणून त्यांनी उघडलेला जेवणाचा डबा पुन्हा लावला आणि फॉर्म काढला.

"घाबरू नका चाचा. वेळेत तक्रार केली की चौकशी होईपर्यंत हे पैसे तुमच्याकडून वसूल करता येत नाहीत. तो तुमचा हक्क आहे."

बँकेत आपला काही हक्क असतो, हे इब्राहिमभाईंना बँकेच्याच माणसाकडून कळत होतं. धक्का ओसरायला त्यांना घोटभर पाणी लागलं.

"फक्त इथं सही करा. 'हा व्यवहार सोडून बाकी सर्व व्यवहार मी स्वतः केले आहेत.' मोबाईल द्या इकडं. त्यातली तुमची ऑनलाइन खरेदी बिलाशी ताडून बघते. मी वाचते, तुम्ही सांगा."

इथंच घोटाळा होता. कार्ड इब्राहिमभाईंचं असलं, तरी त्यावरची दहा टक्के सूट त्यांच्या अख्ख्या निमोणे गावाची होती. ज्याला जे हवं ते त्यानं इब्राहिमभाईंच्या मोबाईलवरून मागवायचं आणि पैसे त्याच दिवशी त्यांच्या हातावर ठेवायचे. आजवर कुणी एक रुपया बुडवला नव्हता.

"आन् कार्ड दुसऱ्याला वापरायला दिलं आसंल तर?" त्यांनी उगाच विचारल्यासारखं विचारलं.

"तर तक्रार बाद. सगळं बिल तुमच्या माथी."

"माझंच हाय सगळं. वाचा."

"दाढीचं मशीन."

"माझं."

इब्राहिमभाईंची दाढी छातीपर्यंत होती. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं आणि बरोबरची खूण केली.

"लग्नाचा घागरा."

"माझा."

"ट्रॅक्टरचा म्युझिक हॉर्न."

"माझाच."

सरदारबीनं तोंडाला पदर लावला. घागरा गावातल्या मारुतरावाच्या तेजश्रीचा, हॉर्न ईश्वरचा, हे तिला ठाऊक होतं. एवढी मजा बँकेत मिळते, हे ठाऊक नव्हतं.

"चांदीचे पैंजण, घुंगरांचे. नऊ हजार दोनशे. पोहोचवण्याचा पत्ता राहू, तालुका दौंड."

पदर खाली आला.

पैंजण तात्याबाचे. म्हणजे त्यानं घेतलेले. शेजारचा, झेंडूवाला, बायको जाऊन सहा वर्षं झालेला तात्याबा. राहूतल्या एका बाईंना त्यानं लग्नाचं विचारलं होतं आणि उत्तर यायचं होतं. गावात कुणालाही कळलं तरी चालेल, पण सरदारबीला कळता कामा नये, अशी त्यानं शपथ घातली होती. तिला कळलं की गावाला वेगळं कळवावं लागत नाही.

"चाचा?"

इब्राहिमभाईंनी फॉर्मकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहायचं टाळलं.

"माझे," ते म्हणाले.

मॅडमनी बरोबरची खूण केली.

"राहूत आपलं कोण हाय?" सरदारबीनं विचारलं.

"घरी सांगतो."

त्यांनी सही केली. मॅडमनी शिक्का मारून पोच हातात दिली. "झालं. त्या हॉटेलाशी तुमचा काही संबंध नाही, हे सध्यातरी बँकेनं मान्य केलंय."

इब्राहिमभाई उठले. सरदारबी उठली नाही. तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"बाई, राहू दौंड तालुक्यातच येतं न्हवं?"

"हो, चाची."

"आन् ती गोव्याच्या हाटेलातली खोली एकाची व्हती का दोघांची?"

मॅडमनी बिल हळूच पालथं घातलं.